एकशे बारावी पायरी

दीपगृहाच्या दोनशे पायऱ्या पर्यटकांना घेऊन चढताना एकशे बाराव्या पायरीवर मला हमखास दम लागायचा. म्हणून मी एक थाप ठोकून दिली, "मंडळी, बुडालेल्या कप्तानाचं भूत इथंच बसतं. दोन मिनिटं अगदी चिडीचूप!" तीस वर्षं त्या भुताने माझे गुडघे सांभाळले.

परवा काचेची लिफ्ट सुरू झाली. बायकोला म्हटलं, "सुटलो गं बाई!"

आज साहेबांनी बोलावलं. "काका, लिफ्टमधून ती पायरी रिकामी दिसते, लोक कुरकुरतात. उद्यापासून कप्तानाचा कोट चढवून तुम्हीच तिथे बसा."

"बसतो की. लिफ्टने सोडा म्हणजे झालं."



"काहीतरीच काय, काका! लिफ्टमधून उतरणाऱ्या भुताला कोण घाबरेल? जिन्यानेच जा."