रोपाचा कल

बाबांनी कोरड्या डोंगरकड्यावरून आणलेलं ते जाड, रसाळ पानांचं दुर्मीळ रोप खिडकीत होतं. पण ते उजेडाकडे न झुकता आजारी बाबांच्या पलंगाकडे झुकायचं. थोरलीने कितीदा कुंडी फिरवली, तरी पुन्हा तेच.

"त्याला माझा लळा लागलाय गं," बाबा म्हणायचे.

बाबा गेले आणि रोप सरळ झालं.

पुढे दिवस गेलेली धाकटी बहीण राहायला आली. दुपारी चहा ओतताना थोरलीचा हात थबकला. रोप धाकटीच्या पोटाकडे वाकलं होतं.

"ताई, अशी पांढरीफटक का पडलीस?"

"काही नाही गं."

थोरलीने कुंडी उचलली, पानं स्वतःकडे वळवून छातीशी घट्ट धरली.

तिच्या मिठीतच एकेक पान हळूहळू तिच्याकडे पाठ फिरवून पुन्हा धाकटीकडे वळू लागलं.