आप्पांकडून आलेलं

औषधविक्रेत्यांच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला होता. आज शेवटच्या दिवशी जनुकांचे अहवाल नावं झाकून वाचायला दिले. हेमांगीचं अर्धं आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागे गेलं होतं, पण हे कधी कुणी शिकवलंच नव्हतं. आता मात्र कागद तिच्याशी बोलू लागला होता.

"रक्तात गुठळी होऊ नये म्हणून देतात ती नेहमीची गोळी या माणसाच्या यकृतात नीट कामालाच लागत नाही," ती उभी राहून म्हणाली. "हे आई-वडील दोघांकडून आलंय. वेळ आली तर याला दुसरी गोळी द्यावी लागेल."

"अगदी बरोबर. आता नावावरची पट्टी काढा," मॅडम म्हणाल्या.

पट्टीखाली तिचंच नाव होतं.

"ताई, स्वतःलाच गिऱ्हाईक केलंत की," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला, पण हेमांगी फोन घेऊन बाहेर धावली. पोरगी सगळी आईवर गेली अशी कायम तक्रार करणाऱ्या आप्पांना गेल्याच महिन्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता, आणि तीच गोळी ती रोज सकाळी त्यांच्या तळहातावर ठेवत होती.

"गोळी बंद करू नका, पण त्यांचा नमुना आजच पाठवा," आप्पांचे डॉक्टर फोनवर म्हणाले.

आप्पांचा अहवाल लेकीसारखाच निघाला. डॉक्टरांनी लगेच गोळी बदलली.

नवी गोळी तळहातावर घेऊन आप्पा तिच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे माझंही काहीतरी घेतलंस म्हणायचं," ते म्हणाले, आणि खुशीत त्यांनी पाण्याचा पेला उचलला.