फादरांचं ब्लँकेट

फादरांची माती होऊन तास झाला नाही, तोच मंडळी त्यांच्या खोलीत घुसली. खोलीत होतं तरी काय? एक खाट, भिंतीवर क्रूस आणि एक विटकं ब्लँकेट. चर्चच्या खजिनदारांनी कात्री आणली. "किती साधे राहिले हो," म्हणत त्यांनी ब्लँकेटचे तुकडे पाडले, आणि मोठा तुकडा कुणाला यावरून चांगली शिकलीसवरली माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. एक बाई तर घरूनच सोनेरी फ्रेम घेऊन आल्या होत्या.

स्वयंपाकाच्या मावशींना शिसारी आली. थंडी वाजते का, असं यातल्या एकानंही फादरांना कधी विचारलं नव्हतं. तरी एक तुकडा मावशींनीही गुपचूप मुठीत दाबला.

रात्रपाळी करून, मग शवपेटीला खांदा देऊन थकलेला वॉचमन दारात आला.

"मावशी, माझं ब्लँकेट कुठंय?"

"तुझं?"

"फादरांनी त्यांचं मागच्या हिवाळ्यातच कुणाला तरी देऊन टाकलं. तेव्हापासून माझंच दोघांत होतं. रात्री ते पांघरायचे, दिवसा मी."

मावशींना मूठ उघडवेना.