एकतीस वर्षांनी दुपारचं जेवण

आचारी तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठला, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अहो, बसा ना जरा."

"नुसतं बघून येतो."

तो चुलीपाशी जाऊन पातेल्यात डोकावला. डोंगरावरच्या त्या लाकडी खाणावळीची मालकीण पळी हातात धरून उभी होती. धिप्पाड बाई, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिने आचाऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"माझ्या चुलीपाशी दोघांनाच यायची मुभा आहे," ती म्हणाली. "मला आणि मांजराला."

आचारी मुकाट्याने परत येऊन बसला. बायकोने हसू दाबलं. मोठ्या इस्पितळाच्या भटारखान्यात बारा माणसांना धाकात ठेवणारा माणूस, त्याला कुणी असं परतवून लावलेलं ती पहिल्यांदाच पाहत होती.

तो निवृत्त होऊन चार दिवस झाले होते. डोंगर चढून वर जेवायला जायचं, हे तिने ठरवलं होतं. तीन तासांची चढण, तिचे गुडघे कुरकुरत होते, पण तिने हूं की चूं केलं नव्हतं. एकतीस वर्षांच्या संसारात दोघं दुपारी एका टेबलावर कधी जेवलीच नव्हती. दुपारी तो चारशे रोग्यांची ताटं वाढत असायचा. त्याची सुट्टी मंगळवारी, तर तिचं वाचनालय रविवारी बंद. रात्री तो दमून यायचा आणि ओट्याशी उभ्यानेच दोन घास पोटात ढकलायचा.

मालकिणीने दोन खोलगट वाडगे आणून ठेवले. भाज्या घातलेलं दाट सूप, लाकडी फळीवर जाडजाड पाव, लोण्याचा गोळा आणि चीजचा एक ओबडधोबड तुकडा. वाफेने खिडकीची काच धुरकटली. बाहेर उतारावर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या.

आचाऱ्याने पहिला घोट घेतला. बायको त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हे तोंड तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. रात्री कुणाकडेही जेवायला गेलं की आधी त्याच्या भुवया वर जायच्या, मग मिठाचं निघायचं, मग मसाल्याचं, आणि यजमानाचं तोंड एवढंसं व्हायचं. आज तेवढं नको, तिने मनात म्हटलं. आजचा दिवस तरी नको.

भुवया वर गेल्या. मग खाली आल्या.

"बरं आहे," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "चांगलंच आहे."

तिने पावाला लोणी लावायला घेतलं. लावून होतंय तोवर समोर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आचारी उठला होता. वाडगा लख्ख. पावाचा कणसुद्धा मागे नाही.

"झालं तुमचं?"

"झालं की." हात धुवायला मोरी कुठे आहे ते तो शोधत होता.

तिचा चमचा वाडग्यातच थांबला. आचाऱ्याने तिच्या वाडग्याकडे पाहिलं. जेमतेम दोन घोट कमी झाले होते. मग त्याने आपल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"तू रोज एवढी सावकाश जेवतेस?"

"रोज."

"एकटीच?"

"रेडिओ असतो ना," ती म्हणाली.

आचाऱ्याने आपला रिकामा वाडगा उचलला. मग चुलीकडे गेला. मालकिणीने पळी सरसावली. पण तो दोन पावलं अलीकडेच थांबला आणि त्याने वाडगा पुढे केला.

"अजून वाढा. कडकडीत गरम वाढा. वेळ लागला पाहिजे."

मालकिणीने खिडकीपाशी बसलेल्या बाईकडे एक नजर टाकली, पातेलं पुन्हा जाळावर ठेवलं आणि उकळी फुटेपर्यंत त्याला ताटकळत ठेवलं.

या वेळी तो खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसला. चमच्यावर फुंकर घालायची, एक घोट घ्यायचा, चमचा खाली ठेवायचा. चमचा खाली ठेवणं काही केल्या त्याला जमेना, हात आपोआप उचलला जायचा. बायको त्याला वाचनालयातल्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगू लागली, जो दर महिन्याला तेच पुस्तक न्यायचा आणि परत करताना शेवट बदलायला हवा म्हणायचा. आचारी खो खो हसला. "मला कधी बोलली नाहीस ते!" ती म्हणाली, "बोलणार कधी?"

बोलता बोलता तिचं लक्ष त्याच्या वाडग्याकडे गेलं. गाजराच्या फोडी त्याने एका कडेला नीट लावून ठेवल्या होत्या.

"गाजर आवडत नाही तुम्हाला?"

एखादा रोगी ऐकेल की काय, अशा बेताने त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कधीच नाही."

"अहो, दर आठवड्याला करते की मी! निमूट खाता तुम्ही."

"उभ्याउभ्या सगळं जातं गं," तो म्हणाला.

तिने कपाळाला हात लावला. मग चमचा पुढे करून एकेक फोड ती आपल्या वाडग्यात घेऊ लागली. आचाऱ्याने वाडगा तिच्या बाजूला जरासा कलता केला.