हेटीने सांगितलेला शेवट

"आता काय चाललंय?" विल्फने विचारलं.

"शिपाई खंदकात बसून पत्र वाचतोय. सगळा चिखलच चिखल," हेटी त्याच्या कानाशी कुजबुजली.

"चिखल दाखवला ना? मग तेवढं तरी खरं दाखवलं."

इंग्लंडमधल्या बर्नलीच्या त्या मूकपटांच्या थिएटरात दर शनिवारी दुपारी दोघं ठरलेल्या जागी बसत. महायुद्धात फ्लँडर्सच्या आघाडीवर विषारी वायूने विल्फचे डोळे गेले, तेव्हापासून पडद्यावरच्या पाट्या हेटी वाचायची आणि चित्रही तीच सांगायची. गेल्या शनिवारच्या चित्रात राजाचं मुंडकं उडवलं, तेव्हा तर तिने कुऱ्हाडीची धारसुद्धा सोडली नव्हती. पुढच्या रांगेतल्या ऑग्डनबाईंना अक्षरं दिसत नसत. त्याही संत्रं सोलत तिचंच ऐकायच्या.

आज मात्र हेटीचं चित्रात लक्ष नव्हतं. विल्फने घातलेली साखरपुड्याची अंगठी परत करायची, हे तिने तीन आठवड्यांपूर्वीच ठरवलं होतं. तिला आता त्याची नुसती कीव यायची, आणि तेवढ्यावर संसार होत नाही हे तिला कळत होतं. पण तो हसतमुखाने दारात उभा राहिला की तिचं तोंडच उघडेना. स्वतःचीच लाज वाटायची.

पडद्यावरचा शिपाई काठी टेकत घरी आला. त्याचेही डोळे गेले होते. नायिका धावत आली, त्याच्या पायाशी बसली, त्याचा हात तिने आपल्या गालावर धरला.

"आली का ती?" विल्फने विचारलं.

"आली." हेटीचा आवाज बारीक झाला. "तिने बोटातली अंगठी काढली. त्याच्या हातावर ठेवली. म्हणतेय, मला नाही जमणार. माझ्यावर रागावू नकोस."

ऑग्डनबाई गर्रकन मागे वळल्या. "अगं, काय सांगतेस पोरी? ती तर..." हेटीचा चेहरा पाहून त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. संत्र्याची फोड हातात तशीच राहिली.

पडद्यावर चर्च आलं, आणि चित्राला साथ देणाऱ्या मिस थ्रेलफॉलने पडद्याखालच्या पियानोवर लग्नाची धून सुरू केली. नेहमीसारखी, दणक्यात. लोक टाळ्या पिटू लागले. चित्र हेटीच्या हातात होतं, पियानो नव्हता. एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती.

विल्फने ती धून शेवटपर्यंत ऐकली.

"पियानोवाल्या बाई आज चुकीचं वाजवतायत," तो म्हणाला.

"हो," हेटी म्हणाली. ती रडत होती.

दिवे लागले. एरवी तो तिचा दंड धरून उठायचा. आज त्याने खुर्चीखाली चाचपून आपली काठी काढली, उभा राहिला, आणि दुसरा हात तिच्यापुढे धरला. तळवा वर करून, तिने सांगितलेल्या त्या शिपायासारखा.