दारातूनच

शेजारची नोरीन ट्वोमी दारात उभी होती. हातात अर्धा डझन अंडी, टोपीवरून पावसाचं पाणी गळतंय. फेमकेनं चहा घेणार का विचारलं, तशी ती म्हणाली, "छे छे, नको गं. तू कामात असशील."

फेमके कामात नव्हती. शनिवारची दुपार होती आणि ती टेबलाशी बसून घरमालकाला पत्र लिहीत होती. महिनाअखेर घर सोडते, असं. पत्र पाकिटात घालून झालं होतं, नुसतं तिकीट लावायचं राहिलं होतं.

हॉलंड सोडून ती आयर्लंडमधल्या आमच्या गावी आली, त्याला आठ महिने होत आले होते. डेअरीत दूध तपासायची नोकरी. काम चांगलं, लोक हसून बोलणारे. समोरून गाडी आली की आतला माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख दाखवायचा. दुकानात भेटले की हवेबद्दल बोलायचे. पण तिच्या घरात कुणी पाऊल टाकेल तर शपथ. टायग जळणाची लाकडं टाकायला आला, तिनं चहा विचारला, तो नको म्हणाला. पोस्टमन डोनालही नकोच म्हणाला. कोपऱ्यावरच्या घरातलं जोडपं नाताळचा केक घेऊन आलं, तेही दारातूनच गेलं.

फेमके सभ्य बाई. समोरचा नको म्हणाला की त्याचा शब्द मानायचा, पुन्हा विचारून त्याला अडचणीत टाकायचं नाही, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. ती "बरं" म्हणायची, आभार मानायची आणि दार लावून घ्यायची. येताना तिनं सहा कपांचा संच आणला होता. त्यातल्या एकाचीच नक्षी धुऊन धुऊन फिकी झाली होती. रविवारी तिला हमखास रडू यायचं. मग ती आईला फोन करून इथे सगळं छान आहे म्हणून सांगायची.

तिला एकदाच कुणीतरी घरात बोलावलं होतं, ते नोरीननंच, ऑक्टोबरात. चहा घेतेस का म्हटल्यावर फेमके तिथल्या तिथे म्हणाली होती, "हो. दूध घालून, दोन चमचे साखर." नोरीन तिच्याकडे बघतच राहिली. आपलं काय चुकलं ते फेमकेला कळलं नाही, पण पुन्हा बोलावणं काही आलं नाही.

आणि आता तीच बाई दारात उभी राहून नको म्हणत होती. नको म्हणून जागची हलतही नव्हती. फेमकेचं डोकं फिरलं. जायचं तर ठरलंच होतं, मग आता सभ्यपणा सांभाळायचा तरी कुणासाठी?

"गावातले सगळेच मला नको म्हणतात," ती म्हणाली. "आज मी ऐकायची नाही. आत या आणि चहा घ्या."

बोलून गेली आणि तिचे कान लाल झाले. इतकं उद्धटपणे ती जन्मात कुणाशी बोलली नव्हती.

"अगं, उगाच तुला त्रास," नोरीन म्हणाली. पण बोलता बोलता तिनं एक गमबूट काढला होता.

"घ्याच."

"बरं बाई. अगदी घोटभर हं," म्हणत नोरीननं दुसराही काढला.

घोटभर चहा पावणेदोन तास चालला. नोरीननं तीन कप रिचवले, घरात होती नव्हती ती बिस्किटं संपवली, आणि टायगच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून नव्या पाद्रीबाबाच्या न संपणाऱ्या प्रवचनापर्यंत गावाची सगळी खबरबात सांगितली. कप ठेवायला जागा दिसेना, तेव्हा तिनं तो पाकिटावरच ठेवला. फेमकेनं ते पाहिलं आणि राहू दिलं.

"खरं सांगू?" नोरीन उठता उठता म्हणाली. "गावात म्हणतात, फेमके पोरगी चांगली, पण हात आखडता. आल्या माणसाला दारातूनच वाटेला लावते. डोनाल मला म्हणाला, तिच्याकडे किटली तरी आहे का, ते बघून ये."

"पण मी सगळ्यांना विचारलं होतं. सगळेच नको म्हणाले."

"एकदा विचारलंस, पोरी. एकदा विचारल्यावर हो म्हणायला आम्ही काय उपाशी आहोत?"

फेमकेला ऑक्टोबरातली ती दोन चमचे साखर आठवली.

"मी म्हणाले होते," ती हळूच म्हणाली.

"म्हणाली होतीस खरी." नोरीननं मान डोलावली. "पण मी कुणाला बोलले नाही हो. फक्त बहिणीला सांगितलं."

बहीण पोस्टाच्या खिडकीवर बसायची.

फेमकेला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. आठ महिन्यांत जे जे कुणी तिच्या दाराशी आलं, ते घटकाभर बसायलाच आलं होतं. आणि तिनं एकेकाला आभार मानून परत धाडलं होतं.

तिनं कप उचलला. पाकिटावर चहाचा तपकिरी गोल उमटला होता. असलं पाकीट घरमालकाच्या हातात देणं काही बरं दिसलं नसतं. तिनं ते पत्रासकट शेगडी पेटवायच्या रद्दीत टाकलं.

दारात गमबूट चढवताना नोरीन म्हणाली, "उद्या चर्चमधून आल्यावर चहाला ये माझ्याकडे."

फेमकेच्या ओठांवर "हो" आलाच होता. तो तिनं गिळला.

"छे छे, नको," ती म्हणाली. "उगाच तुम्हाला त्रास." आणि दाराला धरून, श्वास रोखून, ती नोरीनच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.