माहेरची सवय

"घ्या तुमची लेक," गोजरबाई म्हणाली आणि कपड्यांची पिशवी ओसरीवर टेकवली. "फसवलं तुमी आमाला."

शिरड शहापूरच्या त्या घरात रुख्मिणीबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. सहाव्या महिन्यातली लेक अशी न कळवता, सासूबरोबर आलेली पाहून तिचे पिठाचे हात जागीच थांबले. पिशवी चार दिवसांच्या मुक्कामाची नव्हती.

"काय झालं, विहीणबाई?"

"साखर निघाली हिला. काल सेनगावला दवाखान्यात गोड पाणी पाजलं, दोन तासांनी रगत काढलं. सिस्टरनं मला इचारलं, दिवस जायच्या आधी काय खात होती ही? म्या खरं ते सांगितलं. चहात बिस्किट, भातावर साखर. भाकरीकडं बघत बी न्हाई. सिस्टर म्हनली, वर्सानुवर्सं असंच खाल्लं, डाळ-भाजी पोटात गेली न्हाई, तर गरोदरपणात साखर वाढायचा धोका असतो. सगळ्यायलाच होते असं न्हाई, पण असतो." गोजरबाईने दम घेतला. "आता तुमी सांगा, ही सवय कुठली? आमच्या घरी बारा महिने भाकर अन् तुरीचं वरण. सोयरीक करताना बोलल्या का तुमी, का आमची पोर बिस्किटावर वाढली?"

रुख्मिणीबाईने लेकीकडे पाहिलं. साधना दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती.

गोजरबाईचा राग खोटा नव्हता. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नातवंडाची चाहूल लागली होती. सुनेला तिने कधी टाकून बोललं नव्हतं. सुनेला भाकर आवडत नाही म्हणून बाजाराच्या दिवशी बिस्किटांचे पुडे ती स्वतः आणायची. एवढं करून लोकांनी पोरीची सवय लपवून ती आपल्या घरी दिली, हे कालपासून तिच्या मनातून जात नव्हतं. तिचा मुलगा सोमेश्वर सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवायचा. सकाळी आई सुनेची पिशवी भरत होती तेव्हा तो जीपची काच पुसत होता. "आई म्हणती तसं कर," एवढंच तो बायकोला म्हणाला.

"बाळंतपण तुमीच करा," गोजरबाई म्हणाली. "पुढं नांदवायची का न्हाई, ते मंग पाहू."

"बरं. दुपार झाली, आधी दोन घास खा."

"जेवायला न्हाई आले मी. भांडायला आले."

"भांडायला बी ताकद लागती, विहीणबाई. बसा तरी."

गोजरबाई बसली, पण ताटाला हात लावला नाही. रुख्मिणीबाईने लेकीपुढे ताट ठेवलं. तव्यावरची भाकर, वाटीभर वरण, अंबाडीची भाजी, कांदा. कडेला थोडा भात. साधनाने भात बाजूला सारला आणि भाकर मोडली. ती वर न पाहता जेवत होती. पहिली भाकर संपली. वरणाची वाटी रिकामी झाली, आईने ती पुन्हा भरली. दुसरी भाकर ताटात पडली, तिचाही पापुद्रा निघाला.

गोजरबाई पाहत राहिली. तीन वर्षं एका घरात राहून सून जेवताना तिने आज पहिल्यांदा पाहिली होती. सेनगावला सगळ्यांची जेवणं झाल्यावर साधना जेवायची, तेव्हा गोजरबाई बाहेर पान लावत बसलेली असायची.

"म्हंजे भाकर आवडत न्हाई, हे बी खोटंच," ती म्हणाली. "तीन वर्सं माझ्या तोंडावर खोटं बोललीस. काहून?"

साधनाने हातातला घास खाली ठेवला.

"लग्नानंतरच्या पहिल्या हप्त्यात बोलले होते, आत्याबाई. एकच भाकर उरली होती अन् तुमी जेवायच्या ऱ्हायल्या होत्या. म्हनलं, मला आवडत न्हाई, तुमी खा."

"मंग दुसऱ्या दिवशी सांगायचं."

"दुसऱ्या दिवशी तुमी पीठ काढून दिलं, ते चौघांचंच होतं. घरात आपण पाच. वाटलं, विसरल्या असाल. तिसऱ्या दिवशी बी चौघांचंच."

गोजरबाईला आठवलं. शेतात सोयाबीन आल्यापासून ज्वारी विकतची झाली होती. जी खातच नाही तिच्यासाठी कशाला मळायचं, असा साधा विचार तिने केला होता. पिठाला दुसऱ्या कोणाचा हात ती लागू देत नव्हती.

"अन् वरण?" रुख्मिणीबाईने चुलीकडे तोंड करूनच विचारलं.

"वरणाचं भांडं माझ्याकडं घासायलाच येत होतं, माय."

चुलीतलं लाकूड चुरचुरलं.

"सोमेश्वरला ठाऊक होतं?" गोजरबाईने विचारलं.

"व्हय. पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. म्हनले, पीठ आईच्या हातात हाय, मी काय बोलू. आज सकाळी परत म्हनलं, आता तरी सांगा. तुमी पिशवी भरून राहिल्या होत्या. ते जीपकडं गेले."

गोजरबाई भिंतीला धरून उठली. आपल्याला फसवणारं माणूस या घरात नव्हतं. या दारात तोंड टाकायला आपल्याला आपल्याच पोटच्या पोराने येऊ दिलं होतं. तिने डोक्यावरचा पदर सावरला, विहिणीकडे पाहायचं टाळलं आणि सुनेजवळ आली.

"ऊठ, साधना. घरी चल. आता पिठाचा डबा तुझ्या हातात."

साधनाने ताट जवळ ओढलं.

"तुमी व्हा पुढं, आत्याबाई. माझं जेवण व्हायचं हाय अजून."